तुम्ही स्वतःला 'अपंग' पहिल्यांदा कधी म्हणालात?

बारीकनजर

मी सोलापूरची. वय ४१. वीस वर्षं युनिफॉर्मच्या कारखान्यात तपासणीला आहे. शाळेच्या शर्टांवर शेवटचा हात आमचा. कॉलरची टोकं सारखी आहेत का, काज फाटलंय का, खिसा तिरका बसलाय का, कुठं धागा सुटलाय का. टेबलावर आम्ही चौघी, पण शंकेचा माल माझ्याकडं सरकवायचे. "हिची नजर बारीक आहे," असं शेठ नव्या मुलींना सांगायचे. ते माझं नावच पडलं. इथंही तेच नाव घेतलंय, आणि विचार करून घेतलंय.

लहानपणापासून मला रात्री कमी दिसायचं. लाइट गेली की मी जिथल्या तिथं उभी राहायची. घरात त्याला रातांधळेपण म्हणायचे आणि गाजरं खायला घालायचे. तिशीनंतर दारातल्या चपलांना, खाली ठेवलेल्या घागरीला, बाजूनं येणाऱ्या स्कूटरला धडकायला लागले. बत्तिसाव्या वर्षी निदान झालं, रेटिनायटिस पिग्मेंटोसा. आम्ही नुसतं आरपी म्हणतो. यात डोळ्याच्या पडद्यावरच्या अंधुक उजेडात काम करणाऱ्या पेशी आधी मरतात, म्हणून रात्रीची नजर पहिल्यांदा जाते. मग कडेची नजर आत आत येत राहते. मधली नजर मात्र बऱ्याच जणांची पुष्कळ वर्षं टिकते. त्यामुळं मी पेपरातलं बारीक अक्षर वाचते आणि तिथून उठताना पायाशी बसलेल्या मांजरावर पाय देते.

हे लोकांना पटत नाही. एसटीत मी मोबाइल बघताना दिसले आणि उतरताना पायरी चुकले, तर मागून आवाज येतो, "आत्ता तर बघत होती की."

अपंगत्वाच्या दाखल्याची गोष्ट सांगते, कारण हा धागा काढायचं खरं कारण तेच. अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात नजरेचं क्षेत्र, म्हणजे डोळा न हलवता दिसतं तेवढं, ४० अंशांपेक्षा कमी पण १० अंशांपर्यंत असेल तर अल्पदृष्टी आणि १० अंशांपेक्षाही कमी उरलं तर अंधत्व. माझं १० च्या खाली गेलंय. दाखला हातात मिळाला तेव्हा मी बाहेरच्या बाकड्यावर बसून तो वाचला. त्यावर 'अंध' लिहिलं होतं. तो शब्द मी माझ्या डोळ्यांनी वाचला. दोनदा वाचला. शेजारी बसलेल्या नवऱ्याला काय वाटलं माहीत नाही, तो काही बोलला नाही.

घरी आल्यावर तो कागद लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवला. अकरा महिने तिथंच होता. कारखान्यात "चष्म्याचा नंबर वाढलाय" एवढंच सांगत राहिले. दरम्यान एकदा अंध लोकांच्या मेळाव्याला गेले. तिथं सगळे आवाजावरून एकमेकांना ओळखत होते, आणि मी भिंतीवरचं घड्याळ बघत होते. मला चोरी केल्यासारखं वाटलं. डोळसांत बसले तर आंधळेपण लपवते, अंधांत बसले तर दिसणं लपवते. दोन्हीकडं मी खोटी.

म्हणून विचारतेय. तुम्ही स्वतःला अपंग, दिव्यांग, अंध, जे काही म्हणता, ते कधीपासून? कुणी म्हणायला लावलं? आणि तो शब्द एकदा घेतल्यावर तसाच राहिला, की पुढं बदलला?

---

पूर्वभाग१९६८

ताई, धागा काढलात, बरं केलंत. मी पोलिओवाला. दीड वर्षाचा असताना डावा पाय गेला. त्यामुळं 'आधीचा मी' असा कुणी मला आठवतच नाही. माझं सगळं नावांवर गेलं.

आमचं घर पद्मशाली, मागावरचं. घरात तेलुगूत 'कुंटोडू'. शेजारी कानडी बोलणारे, ते 'कुंटा'. शाळेत मराठीत 'लंगड्या'. आपल्या सोलापुरात चार भाषा आहेत, प्रत्येकीत मला नाव होतं. वाईट वाटायचं का? खरं सांगतो, घरातल्या नावाचं नाही वाटायचं. आई त्याच नावानं जेवायला हाक मारायची. शाळेतल्या नावाचं वाटायचं.

अपंगांसाठीचा १९९५ चा कायदा आला तेव्हा मी २७ चा. तेव्हा पहिल्यांदा 'अपंग' हा सरकारी शब्द माझ्या कागदावर आला. मला तो आवडला, आजही आवडतो. त्या शब्दामागं कायदा होता. त्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी रेडिओवर 'दिव्यांग' म्हणा असं सुचवलं आणि बघता बघता सगळे फलक बदलले. माझ्या पायात दिव्य काही नाही ओ. पण माझ्या पुतणीचा मुलगा मतिमंद आहे, तिला दिव्यांग हा शब्द फार गोड वाटतो. लोक निदान तोंड वाकडं न करता बोलतात, म्हणते. मग मी तिच्यासमोर वाद घालत नाही.

तुम्ही विचारलंत, शब्द बदलला का. शब्द नाही, मीच बदललो. तरुणपणी पायाला आधाराचा कॅलिपर बांधून, कुबडी न घेता मी कारखान्यापर्यंत चालत जायचो. तीच माझी ओळख होती, 'कुबडी न घेणारा'. कुबडीवाल्या मित्रांपेक्षा मी वरचा, असं मनात होतं. आज लाज वाटते त्याची. पन्नाशीत चांगला पायही दमायला लागला. डॉक्टर म्हणाले, पोलिओनंतर वाचलेल्या नसांनी इतकी वर्षं दुप्पट काम केलं, आता त्या थकल्यात. आता व्हीलचेअर. म्हणजे जन्मभर अपंग असूनही मला परत एकदा नव्यानं अपंग व्हावं लागलं, आणि दुसरी वेळ पहिलीपेक्षा अवघड गेली.

आणखी एक गोष्ट मनात येते. भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. फार चांगलं झालं, मी स्वतः बूथवर बसून लहान मुलांना डोस पाजलेत. पण आमच्यासारखे चालणारे आता आमच्यानंतर नाहीत. चौकात लांबून एखादा तसा चालताना दिसला की माझा हात आपोआप वर जातो, ओळख नसली तरी. तोही हात करतो.

---

सातरस्ता

सर्वांचे अनुभव वाचून डोळ्यांत पाणी आलं. मला वाटतं शब्दांत अडकू नये. माणूस मनानं अपंग नसला म्हणजे झालं. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर बघा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या आणि १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक आणलं. इच्छाशक्ती असेल तर काहीही अशक्य नाही.

---

डावखुरानवा

दादा, पेटकरांना माझा दंडवत. पण तुम्ही चांगल्या मनानं लिहिलंय म्हणून मीही मनातलं लिहितो.

चार वर्षांपूर्वी सायझिंगच्या, म्हणजे सुताला खळ लावायच्या यंत्राच्या रोलरमध्ये माझा उजवा हात गेला. कोपरापासून. माझी इच्छाशक्ती तेव्हा होती तेवढीच आज आहे. हात नाही. 'मनानं अपंग नाही' हे वाक्य मला दवाखान्यात रोज कुणी ना कुणी ऐकवायचं. त्याचा अर्थ मला असा लागायचा, की तुला त्रास होत असेल तर तुझ्या मनातच खोट आहे.

ओळखीचं विचारलंत तर माझी सही सांगतो. उजव्या हाताची माझी सही झोकदार होती, खाली दोन रेघा मारायचो. डाव्या हातानं शिकलो ती पहिलीतल्या पोरासारखी. एका बँकेत खिडकीवरचा माणूस कागद परत करत म्हणाला, "ही सही तुमची नाही." मी त्याला बाही दाखवली. तो म्हणाला, "ते दिसतंय, पण सही जुळत नाही." मी बाहेर पायरीवर येऊन बसलो. मला वाटलं, बरोबर बोलला हा. ज्यानं ती सही केली होती तो माणूस आता नाही.

दुसरं गड्ड्याचं, म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या आमच्या सिद्धेश्वर यात्रेचं. अपघातापर्यंत मी यात्रेतला नंदीध्वज, म्हणजे उंच, जड काठीचा ध्वज, पेलायचो. सोलापूरकरांना सांगायला नको, ते नुसत्या ताकदीचं काम नाही. आधी कितीतरी दिवस सराव लागतो, कमरेत तोल लागतो, दोन्ही हात लागतात. माझे वडील पेलायचे, मी पेलायचो. अपघाताच्या वर्षी संक्रांतीला मी दार लावून घरात बसलो. गावातल्या ६८ लिंगांना जाणाऱ्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीचा आवाज आमच्या गल्लीत येतो. कानात कापूस घातला.

पुढच्या वर्षी वडिलांनी काही न बोलता बाराबंदी, म्हणजे मिरवणुकीत घालायचा पांढरा अंगरखा, धुऊन, इस्त्री करून खाटेवर ठेवली. उजवी बाही आईनं आत दुमडून शिवली होती. मी घातली. सातही नंदीध्वज पुढं आणि मी आमच्या ध्वजाच्या बाजूनं चालत होतो. बरं वाटलं असं मी म्हणणार नाही. पोटात तुटत होतं. पण लोकांनी माझ्या बाहीकडं बघितलं आणि मी बघू दिलं. माझ्यासाठी 'कधीपासून' याचं उत्तर तो दिवस आहे. शब्द अजून कुठलाच घेतलेला नाही.

---

सातरस्ता

माझं चुकलं. मी पुढं वाचतो, लिहीत नाही.

---

पूर्वभाग१९६८

लिहा की ओ. आम्हीपण कधीतरी हेच म्हणत होतो. फक्त पेटकरांचं उदाहरण देताना एवढं ध्यानात ठेवा, की मला पदक नको, मला दुकानाच्या पायरीशेजारी उतार पाहिजे.

---

हातांचीबोली

मी कर्णबधिर आहे. मराठी माझी दुसरी भाषा, चुका समजून घ्या.

मी थोडं वेगळं सांगणार. माझ्या घरात सगळे ऐकणारे. बहुतेक कर्णबधिर मुलांचं असंच असतं. घरात जेवताना सगळे हसतात, मी विचारते काय झालं, आई म्हणते "नंतर सांगते". नंतर सांगत नाही. तिथं मी अपंग.

लहान असताना ज्या शाळेत होते तिथं ओठ वाचायला शिकवलं. हातानं बोललं की हातावर पट्टी. मग दुसऱ्या गावी वसतिगृहात गेले. तिथल्या मुलींनी पहिल्या आठवड्यात मला खुणेचं नाव दिलं. माझ्या भुवईवर जुना व्रण आहे. बोट भुवईवर ओढायचं, ते माझं नाव. आईवडिलांनी ठेवलेलं नाव मी कधी ऐकलं नाही. हे नाव मला दिसतं.

मैत्रिणींमध्ये मी अपंग नाही. आम्ही भांडतो, चहाड्या करतो, विनोद करतो, सगळं हातांनी. एखादी ऐकणारी बाई आमच्यात आली तर तीच गप्प बसते, तिलाच मदत लागते. दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषेची सरकारी संस्था आहे, २०१५ पासून. त्यांनी शब्दकोश काढला. तो बघितला तेव्हा मी रडले. आमच्या हातांना शब्दकोश!

पण रेल्वेच्या सवलतीसाठी दाखला मीही काढलाय. त्यावर अपंगत्व लिहिलंय. मला ते खोटं वाटत नाही, अर्धं वाटतं. 'मूकबधिर' म्हणू नका. मी मुकी नाही.

---

बारीकनजर

ताई, भुवईवर बोट ओढून बघितलं मी आत्ता. तुमचं नाव घेतलं.

---

समाजकार्य_दुसरं_वर्ष

मी समाजकार्याची विद्यार्थिनी, जुळे सोलापुरात राहते. वर्गात शिकतो ते इथं जसंच्या तसं दिसतंय म्हणून लिहायचं धाडस करते.

पहिलं म्हणजे १९७६ मध्ये ब्रिटनमधल्या अपंग लोकांच्या एका संघटनेनं दोन गोष्टी वेगळ्या केल्या. शरीरातली उणीव ही एक, आणि समाजानं त्या माणसाला अडवणं ही दुसरी. त्यांच्या मते अपंगत्व म्हणजे ही दुसरी गोष्ट. पूर्वभाग काकांचा पाय ही उणीव आणि दुकानाची पायरी हे अपंगत्व. पुढं माइक ऑलिव्हर या अभ्यासकानं याला 'सामाजिक प्रारूप' असं नाव दिलं. तो स्वतः व्हीलचेअरवर होता.

दुसरं, कॅरल गिल ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ, तीही अपंग. तिनं १९९७ मध्ये ओळख घडण्याचे चार पदर मांडले. आपलाही या समाजावर हक्क आहे असं वाटणं. आपल्यासारख्या लोकांत गेल्यावर घरी आल्यासारखं वाटणं. स्वतःतलं सारखेपण आणि वेगळेपण एकत्र नांदवणं. आणि आत जे वाटतं तेच बाहेर दाखवणं. बारीकनजर ताईंचा शालूत ठेवलेला कागद मला या चौथ्या पदराशी जोडलेला वाटतो, आणि भुवईवरचं नाव दुसऱ्याशी.

---

पूर्वभाग१९६८

बाळ, चांगलं समजावलंस. पायरी आणि पाय, हे तर मी भिंतीवर लिहून ठेवणार. पण एक शंका आहे. पन्नाशीनंतर रात्रभर पाय दुखतो, त्यात समाजानं काय केलं? उद्या सगळ्या सोलापुरात उतार झाले तरी तो दुखणारच. आणि ते चार पदर एकामागून एक येत नाहीत. मला 'घरी आल्यासारखं' चाळिशीत वाटलं, आणि व्हीलचेअर आल्यावर परत बेघर झालो.

---

समाजकार्य_दुसरं_वर्ष

काका, दुखण्याची शंका अपंग स्त्रियांनी त्या चळवळीच्या आतूनच काढली होती. सगळं समाजावर ढकललं तर शरीराचं दुखणं कुणाला सांगायचं, असं त्या विचारत होत्या. तुमचं वाक्य मी प्रकल्पात घेऊ का? नाव घालणार नाही.

---

पूर्वभाग१९६८

घे. टोपणनाव घातलंस तरी चालेल.

---

अजूनठरलंनाही

नवं खातं काढून लिहितेय. मला मानसिक आजार आहे, नऊ वर्षं गोळ्या चालू आहेत. इथं एकवीस प्रकारांचं वाचलं आणि शोधलं, तेव्हा कळलं की त्यात तोही येतो. बाहेरून बघून कुणाला कळत नाही. अपंग लोक भेटले की पहिलं विचारतात ना, "किती टक्के?" मला माझे अपंगत्वाचे टक्के काढायचीच भीती वाटते. अपंगत्वाचं कार्ड काढलं तर नोकरीत कदाचित संरक्षण मिळेल, पण भावाच्या लग्नाच्या बोलणीत ते कार्ड कुणाच्या नजरेला पडलं तर? तुम्हा सगळ्यांचं दिसतं म्हणून सोपं आहे असं मी म्हणत नाही. पण मला लपवता येतं आणि म्हणूनच मी लपवते. एवढंच.

---

बारीकनजर

अजूनठरलंनाही, तुमचं नाव वाचून थांबले. घाई करू नका. कागद शालूत ठेवलेला चालतो. माझा अकरा महिने होता आणि तेवढ्यात माझं काही बिघडलं नाही. नाही, खोटं कशाला लिहू? बिघडलं. त्या अकरा महिन्यांत मी कारखान्यात दोनदा पडले, आणि एकदा कडेनं दिसलं नाही म्हणून खराब मालाचा आख्खा गठ्ठा पास केला. बोलणी दुसऱ्या मुलीनं खाल्ली. ते मला आजही टोचतं.

शेवटी सांगितलं ते त्या मुलीमुळंच. शेठसमोर दाखला ठेवला. ते म्हणाले, "आंधळी आणि तपासणीला?" मी म्हणाले, मधलं दिसतं, फक्त खिडकी लहान झालीय. आता मी नजर फिरवत नाही, नजरेसमोरून शर्ट फिरवते. काज आणि कॉलर बोटांनी बघते. पूर्वी तासाला जेवढे व्हायचे त्याच्या निम्मे होतात, आणि पगारही त्या मानानं कमी झालाय. शंकेचा माल अजून माझ्याकडंच येतो. किती वर्षं येईल, माहीत नाही.

आईबद्दल लिहायचं राहिलं होतं. माझ्या आईचं लग्न सख्ख्या मामाशी झालं. आपल्या भागात असं बऱ्याच घरांत आहे. आरपीचे काही प्रकार असे असतात, की आईबाप दोघांकडून सदोष जनुक आलं तरच आजार होतो, आणि नात्यात लग्न झालं की ती शक्यता वाढते. हे डॉक्टरांनी आईसमोर सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलताना खाली बघते. मी तिला दाखला वाचून दाखवला नव्हता. परवा दाखवला. ती म्हणाली, "माझ्यामुळं." मी म्हणाले, आजीमुळं, पणजीमुळं, सगळ्यांमुळं, आणि तुझ्यामुळं मी शिवण शिकले. मग दोघी रडलो. माझ्या मुलीची तपासणी केलीय, तिची रात्रीची नजर चांगली आहे.

आता काठीचं. या महिन्यात पहिल्यांदा पांढरी काठी घेऊन नव्या पेठेत गेले, मुलीला बरोबर घेऊन. ती चौदा वर्षांची. माझ्या डोळ्यांत काही फरक पडला नव्हता, आदल्या दिवशी होते तेवढेच होते. पण काठी बघून गर्दी फाकली. एका रिक्षावाल्यानं ब्रेक दाबून हात केला. मुलगी म्हणाली, "आई, आज तुला कुणी शिवी दिली नाही." मला कळेना हसू का रडू.

मग एका दुकानात मी किमतीची चिठ्ठी वाचली, आणि मागची बाई दुसरीला म्हणाली, "दिसतंय की हिला." कानशिलं तापली. काठीची घडी घालून पिशवीत टाकावी असं वाटलं. टाकली नाही. वळून म्हणाले, "ताई, समोरचं थोडं दिसतं, कडेचं नाही." ती "अस्सं का" म्हणाली आणि गेली. हे वाक्य मी घरी आरशासमोर बसवलं होतं. आता रोज दोन-तीनदा लागतं. अंध म्हणजे पूर्ण काळोख, असंच मलाही वाटायचं, मग तिच्यावर काय रागवायचं?

मेळाव्यालाही परत गेले होते. तिथल्या एका आजोबांना सांगितलं, मला थोडं दिसतं म्हणून तुमच्यात बसायला संकोच वाटतो. त्यांनी विचारलं, "घड्याळ दिसतं?" हो म्हणाले. "मग किती वाजले सांग, माझी बस आहे."

---

डावखुरानवा

हे वाचून सकाळी सकाळी डोळे भरले.

माझी नवी सही बँकेत लागली. दुसऱ्या शाखेतल्या बाईंनी अर्ज भरून घेतला, पाच मिनिटांचं काम होतं. खाली दोन रेघा मारल्यात. वाकड्या आल्या.

यंदा गड्ड्याला कुणी येणार का? यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला मी सम्मती कट्ट्याच्या, म्हणजे तो सोहळा होतो त्या जागेच्या, बाजूला असेन. काकांची व्हीलचेअर गर्दीत नेता येईल अशी बाजू मला माहीत आहे, दोन पोरं घेऊन येतो.

---

पूर्वभाग१९६८

येतो. चाळीस वर्षांत बसून गड्डा बघितला नाही, आता बसून बघतो.

---

हातांचीबोली

मी येणार. दोन मैत्रिणी आणते. गोंगाटाचा आम्हाला त्रास नाही.

---

बारीकनजर

मीही येते, मुलीबरोबर. संध्याकाळ व्हायच्या आत परतायला लागेल. पांढरी काठी, हिरवी साडी. गर्दीत लांबून हात हलवू नका, मला दिसणार नाही. जवळ या आणि हाक मारा. हातांचीबोली, तुम्ही माझ्या अगदी समोर येऊन भुवईवर बोट ओढा.